श्वान-पाळणाघर निवडताना : व्यावसायिक सेवेकडून काय अपेक्षा ठेवावी?

वाड्यावरच्या जुन्या घरात कुत्रा सांभाळणे हा कधी स्वतंत्र प्रश्न नव्हता. अंगण मोकळे असे, सोपा उघडा असे आणि घरात कोणी ना कोणी माणूस असेच. पर्वरी, ताळगाव, फातोर्डा येथील सदनिकांत राहणाऱ्या कुटुंबांना ती सोय राहिलेली नाही. पती-पत्नी दोघेही सकाळी कामावर जातात, मुले शाळेत जातात आणि कुत्रा आठ-नऊ तास बंद दाराआड राहतो. मग शेजारी भुंकण्याची तक्रार करतात, सोफ्याची उशी फाटते आणि ‘याला दिवसभर कुठे ठेवायचे?’ हा प्रश्न उभा राहतो. या गरजेतून श्वान-पाळणाघरे, म्हणजे ‘डॉग डे-केअर’ केंद्रे, आपल्याकडेही सुरू झाली आहेत.

मुलाला पाळणाघरात ठेवले, तर ते संध्याकाळी चार शब्दांत तरी दिवस कसा गेला ते सांगते. कुत्र्याला ते सांगता येत नाही. त्यामुळे या सेवेची पारख आधी करावी लागते. समाजमाध्यमांवरची छायाचित्रे, रंगवलेल्या भिंती आणि वाढदिवसाचे केक यांवरून ती होत नाही. केंद्र आपल्याला कोणते प्रश्न विचारते आणि कोणत्या गोष्टींना नकार देते, यावरून ती होते.

सेवेचे स्वरूप

पाळणाघर म्हणजे दिवसापुरती देखभाल. सकाळी सोडायचे आणि संध्याकाळी न्यायचे. चवथीला गावी जाताना चार दिवस कुत्रा ठेवणे ही निवासी सेवा असून तिच्या गरजा वेगळ्या आहेत. तेथे रात्री जागेवर माणूस असावा लागतो. प्रशिक्षण आणि केस-नखांची निगा याही स्वतंत्र सेवा आहेत. अनेक केंद्रे हे सारे एकाच छताखाली देतात. त्यात गैर काही नाही. पण आपण नेमक्या कोणत्या सेवेचे पैसे देत आहोत आणि ती कोणाच्या हातून होणार आहे, हे स्पष्ट असावे. ‘दिवसभर खेळल्याने कुत्रा आपोआप शहाणा होतो’ असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. नीट देखरेख नसेल, तर कळपात तो इतरांच्या वाईट सवयीही उचलतो.

पहिली भेट

चांगले केंद्र पहिल्याच दिवशी कुत्रा ठेवून घेत नाही. आधी माहिती विचारते : वय, नसबंदी झाली आहे का, पूर्वीचे आजार, चालू औषधे, कोणत्या अन्नाची अॅलर्जी, फटाक्यांची किंवा ढगांच्या गडगडाटाची भीती, अनोळखी माणसांशी वागणूक, पूर्वी कोणाला चावला आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मालकाने खरे द्यावे. ते लपवल्यास इतरांचा जीव धोक्यात येतो.

त्यानंतर चाचणी होते. नव्या कुत्र्याची एका शांत, सरावलेल्या कुत्र्याशी ओळख करून दिली जाते, मग दोन-तिघांशी. पहिली एक-दोन सत्रे काही तासांचीच असतात. चाचणीनंतर ‘तुमचा कुत्रा आमच्याकडे रमणार नाही’ असे स्पष्ट सांगणारे केंद्र विश्वासास पात्र समजावे. आलेल्या प्रत्येकाला प्रवेश देणारे केंद्र तुमच्या कुत्र्याशेजारी कोणालाही आणून सोडू शकते.

मालकाने जागा पाहण्याचा आग्रह धरावा. खेळाची जागा, विश्रांतीची जागा आणि पाणी ठेवण्याची जागा दाखवण्यास टाळाटाळ होत असेल, तर तेथून परतावे. कळप शांत राहावा म्हणून भेटीची वेळ ठरवून देणे मात्र योग्यच आहे.

लसीकरणाचे कागद

२०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर झाला. अनेक वर्षांच्या सामूहिक लसीकरण मोहिमेचे ते फळ आहे. ‘नियंत्रित’ म्हणजे ‘संपलेला’ नव्हे. म्हणून रेबीजची चालू लस दाखवल्याशिवाय प्रवेश नाही, हा नियम कोणत्याही केंद्रात अपवादाविना असावा.

त्याखेरीज पार्व्हो, डिस्टेंपर, यकृतदाह आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसी आवश्यक होत. लेप्टोचे जंतू उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतात. आपल्या पावसाळ्यात हा धोका किती, हे वेगळे सांगायला नको; शिवाय हा रोग माणसालाही होतो. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. त्यामुळे लसीकरणाचा क्रम पूर्ण न झालेले पिल्लू कळपात घेऊ नये. हा क्रम साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होऊन सोळा आठवड्यांच्या आसपास पूर्ण होतो. जेथे अनेक कुत्रे एकत्र येतात, तेथे खोकल्याची साथ लवकर पसरते. ‘केनेल कफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकाराचीही लस मिळते. ती घ्यावी का, हे पशुवैद्याला विचारून ठरवावे.

गोचीड हा गोव्यातील बारमाही उपद्रव आहे. त्यातून होणारा ताप कुत्र्याच्या रक्तपेशींवर आघात करतो आणि वेळेवर उपचार न झाल्यास जीव घेतो. म्हणून गोचीड-प्रतिबंधक औषधाची शेवटची तारीख विचारणारे केंद्र आपले काम जाणते, असे समजावे. हे कागद केंद्राने पाहून परत देणे पुरेसे नाही. त्यांची नोंद ठेवून मुदत संपण्यापूर्वी आठवण करणे हेही त्याचे काम आहे.

माणसे आणि गट

पाळणाघराची खरी किंमत तेथील माणसांत असते. दहा कुत्र्यांमागे किमान एक जाणता माणूस प्रत्यक्ष मैदानात हवा, असा सर्वसाधारण दंडक धरावा. पिल्ले किंवा नवखे कुत्रे असतील, तर अधिक. कॅमेरा माणसाची जागा घेऊ शकत नाही. भांडण जुंपल्यावर कॅमेरा फक्त ते टिपतो.

जाणता माणूस भांडणाआधीची चिन्हे ओळखतो. पुढचे पाय पसरून मागचा भाग उंच करणारा कुत्रा खेळाला बोलावत असतो. अंग ताठ करणे, नजर रोखणे, ओठ चाटत मान वळवणे, शेपूट पोटाखाली घेणे ही अस्वस्थतेची चिन्हे आहेत. गुरगुरणे हा कुत्र्याने दिलेला इशारा आहे. त्याबद्दल त्याला मारणारा माणूस इशारा बंद पाडतो. चावा मात्र बंद होत नाही. म्हणून ‘दोन कुत्रे भांडू लागले तर तुम्ही काय करता?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. काठी, ओरडा किंवा गळ्याला टोचणारा पट्टा असे उत्तर आल्यास पुढे बोलण्याची गरज नाही.

गट आकार, वय आणि स्वभाव पाहून पाडलेले असावेत. लॅब्राडोर आणि पॉमेरेनियन एकत्र धावले, तर मोठ्याने खेळात मारलेली उडीही लहानग्याचे हाड मोडू शकते. माजावर आलेल्या मादीला त्या काळात प्रवेश नसावा.

दिवसाचा क्रम

‘आमच्याकडे दिवसभर खेळ’ ही जाहिरात ऐकायला गोड असली, तरी ती धोक्याची सूचना आहे. प्रौढ कुत्रा दिवस-रात्र मिळून बारा-चौदा तास झोपतो. विश्रांती न मिळालेला कुत्रा चिडचिडा होतो आणि भांडणे दमलेल्या कळपात अधिक होतात. चांगल्या केंद्रात सकाळी खेळ, दुपारी दोन-तीन तास वेगळ्या, शांत जागी झोप आणि उन्हे उतरल्यावर पुन्हा थोडा खेळ असा क्रम असतो. जेवण प्रत्येकाला वेगळे दिले जाते, कारण एकत्र ठेवलेल्या ताटलीवरून वाद होतातच. खाणे घरूनच आणायला सांगणे हीही चांगली पद्धत आहे. द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला विषारी आहेत, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

जागा, उष्मा आणि पावसाळा

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यत्वे धापा टाकून शरीर थंड करतो. हवेत ओल अधिक असली की हा मार्ग अपुरा पडतो. म्हणून गोव्यात तापमापकावरचा आकडा फार नसतानाही कुत्र्याला उष्माघात होऊ शकतो. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना हा धोका सर्वाधिक. पत्र्याच्या छपराखालील बंद शेड ही अशा हवेत भट्टीच होय. सावली, खेळती हवा, पंखे, जागोजागी स्वच्छ पाणी आणि एप्रिल-मेच्या दुपारी थंड खोली ही किमान गरज आहे.

धाप थांबेनाशी झाली, लाळ घट्ट झाली, पावले लटपटू लागली, तर आधी अंगावर साधे पाणी ओतून पंख्याखाली घ्यावे आणि मग दवाखान्याकडे निघावे, हा क्रम केंद्रातील प्रत्येक माणसाला पाठ हवा.

पावसाळ्यात प्रश्न वेगळे असतात. मैदानात पाणी साचू नये, फरशी निसरडी नसावी, कुत्र्यांना कोरडे करण्याची सोय असावी आणि धान्याच्या जागी उंदीर नसावेत. प्रवेशाला एकामागे एक अशी दोन फाटके हवीत. एक बंद झाल्यावरच दुसरे उघडायचे. रस्त्यावर निसटलेला कुत्रा परत मिळेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

अपघात आणि लेखी करार

जेथे कुत्रे एकत्र खेळतात, तेथे ओरखडे येणारच. आमच्याकडे कधीच काही होत नाही, असे म्हणणाऱ्यापेक्षा झालेली घटना त्याच दिवशी सांगणारा अधिक प्रामाणिक. नोंदवही आहे का, ते विचारावे. आणीबाणीत कोणत्या पशुवैद्याकडे नेणार, नेण्यास वाहन आहे का, मालकाचा फोन लागला नाही तर निर्णय कोण घेणार आणि किती खर्चापर्यंत, हे सारे आधी कागदावर यावे.

करारातील एक ओळ विशेष लक्षपूर्वक वाचावी : ‘कोणत्याही इजेस वा मृत्यूस केंद्र जबाबदार राहणार नाही.’ अशी सरसकट अट स्वीकारू नये. खेळताना होणारी किरकोळ इजा आणि हलगर्जीपणा यांत फरक करणारा मजकूर मागून घ्यावा.

कायद्याचा आधार आहे, पण तोकडा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० मध्ये ‘मालक’ या शब्दात प्राण्याचा त्या वेळी ताबा असलेली व्यक्तीही येते. म्हणजे दिवसभरापुरते केंद्रही त्या व्याख्येत बसते. हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे, अवाजवी काळ आखूड साखळीने बांधणे, पुरेसे अन्नपाणी न देणे हे कलम ११ खाली गुन्हे आहेत. मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड अवघा १० ते ५० रुपये आहे. त्यामुळे भरपाईसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अधिक उपयोगी पडतो. सेवेतील त्रुटीबद्दल घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी पावती, करार, संदेश आणि पशुवैद्याचा अहवाल जपून ठेवावा. पैसे रोख देऊन पावती न घेण्याची सवय येथे महागात पडते.

प्रत्येकासाठी नव्हे

वयोवृद्ध, सांधेदुखीने त्रस्त, अतिशय भित्रे किंवा इतर कुत्र्यांचा तिटकारा असलेले कुत्रे पाळणाघरात सुखी होत नाहीत. त्यांच्यासाठी दुपारी घरी येऊन फिरवून आणणारा माणूस किंवा कुलुपाची किल्ली सांभाळणारी शेजारीण हा बरा उपाय आहे. सशक्त, मिलनसार कुत्र्यालाही आठवड्यातून दोन-तीन दिवस बहुधा पुरतात.

संध्याकाळची उलटतपासणी

निवड झाल्यावरही पारख संपत नाही. घरी आलेला कुत्रा दमलेला असावा, पण नेहमीप्रमाणे जेवणारा असावा. कान, पंजांची बोटे आणि काखा तपासून गोचीड आहे का, ते पाहावे. सतत खोकला, जुलाब, लंगडणे, स्पर्श केल्यावर दचकणे किंवा घसा बसेपर्यंत भुंकल्याची खूण दिसल्यास केंद्राला त्याच दिवशी विचारावे आणि गरज वाटल्यास पशुवैद्याला दाखवावे. पहिल्या दिवसांत फाटकाशी पाऊल अडणे स्वाभाविक आहे. तीन-चार आठवड्यांनंतरही तो अंग चोरून मागे ओढत असेल, तर त्याचे म्हणणे मानावे.

कारण दिवसभर त्या चार भिंतींत काय घडले, याचा साक्षीदार तो एकटाच असतो आणि त्याची साक्ष शब्दांत येत नाही. ती वाचायला शिकणे हे केंद्राचे काम आहेच. पण त्याला पट्टा बांधून तेथवर नेणाऱ्याचे ते अधिक आहे.