हुलग्याचे शेंगोळे



इतिहास शिकवणाऱ्या माणसाने आकाशवाणीवर यावे आणि शेंगोळ्यांविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. वर्गात आम्ही लढाया सांगतो, तह सांगतो, सनावळ्या पाठ करून घेतो. पण 1636 साली नगरची निजामशाही बुडाली, त्या दिवशीही या मुलखात संध्याकाळी चुली पेटल्याच असतील. त्या चुलीवर काय शिजत होते, हे विचारायला काय हरकत आहे?

मी घोडेगावचा. नेवासे तालुक्यातले, नगरहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या सडकेवरचे हे गाव. जनावरांचा बाजार आणि कांद्याचे लिलाव यांमुळे बाहेरच्यांना ते ठाऊक आहे. आमच्या घरी बाजाराच्या दिवशी जेवायला किती माणसे येतील याचा नेम नसे. कोणी पाहुणा बैल घेऊन येई, कोणाचा सौदा फिसकटला की तो मुक्कामालाच राही. अशा दिवशी आजी ठरवून शेंगोळे करी. "माणूस वाढला तर तांब्याभर आधण वाढवायचं, त्यात काय!" असे तिचे गणित होते. भाकरी मोजून होते, पातळ पदार्थ मोजावा लागत नाही. गरिबाच्या घरी रश्श्याचे भांडे मोठे का असते, याचे उत्तर मला कोणत्याही ग्रंथात न मिळता असे चुलीपुढे मिळाले.

ज्यांनी शेंगोळे पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. हुलग्याचे पीठ लसूण-जिऱ्याच्या वाटणात घट्ट मळायचे, तळहातावर वळून त्याची बोटभर लांब वळी करायची, टोके जुळवून कडे करायचे आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायचे. धान्य, कालवण आणि भाकरी, तिन्ही एकाच भांड्यात. कोकणातले लोक हुलग्याला कुळीथ म्हणतात आणि त्याची पिठी करतात. जिन्नस तोच.

आता हा हुलगा किती जुना? आमच्याच तालुक्याच्या ठिकाणी, नेवाशाला, 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळिया यांनी उत्खनन केले. प्रवरेकाठच्या त्या पांढरीखाली तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे निघाली. पुढे याच जिल्ह्यात दायमाबादला आणि शेजारच्या पुणे जिल्ह्यात इनामगावला खणले, तेव्हा जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे सापडले. त्यांत गहू होता, जव होते, मसूर, वाटाणा होता आणि आपला हुलगाही होता. या लोकांच्या भांड्यांना जोर्वे पद्धतीची भांडी म्हणतात. जोर्वे हे गाव संगमनेर तालुक्यातले. त्यांत तोटीची भांडी आणि वाडगे पुष्कळ आहेत. वाडगा आला म्हणजे पातळ खाणे आले, असा माझा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा. दक्षिणेत कर्नाटक-आंध्रकडच्या नवाश्मयुगीन वसाहतींत तर हुलगा याहूनही आधीचा मिळाला आहे. म्हणजे बाहेरून न येता इथेच माणसाळलेले हे कडधान्य.

पण आजीच्या भांड्यातले सगळेच इथले नव्हते. ज्ञानेश्वर महाराजांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली. त्या वेळी नेवाशात मिरची नव्हती! नगर जिल्ह्यातला माणूस मिरचीवाचून जेवतो ही कल्पनाच आपल्याला करवत नाही. पण मिरची अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो हेही तिकडचेच. त्या काळच्या रश्श्याला तिखटपणा होता तो मिऱ्याचा आणि आल्याचा. मिरी होती म्हणून नव्या पाहुणीचे नाव मिरची पडले. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातल्या ग्रंथात डाळींच्या पाकात हिंग व हळद सांगितली आहे. तेव्हा हिंग-हळदीची फोडणी जुनी आणि लाल तवंग नवा, एवढे लक्षात ठेवावे.

हुलग्याचा दुसरा गिऱ्हाईक म्हणजे जनावर. बैलाला आणि घोड्याला तो भिजवून किंवा शिजवून देत. भांडारकर संस्थेतले व्यासंगी परशुराम कृष्ण गोडे यांनी तर घोड्यांच्या चंदीत हरभरा कधीपासून आला, यावर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. आमच्या गावाच्या नावात घोडा आहे, तेव्हा हुलग्याशी त्याचे नाते जोडण्याचा मोह मला होतो. पण विद्यार्थी ऐकत असतील, म्हणून आवरतो. मात्र जे जनावराला घालायचे ते पाहुण्याला कसे वाढायचे, अशी एक लाज या धान्याला कायमची चिकटली. हुलग्यात शंभर ग्रॅममागे सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात, हे कळूनही ती सुटलेली नाही.

याच पट्ट्यात येसरची आमटी आहे. बाजरी किंवा ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, मिरी हे सगळे खमंग भाजून जाडसर दळायचे. ते झाले येसर. लग्नघरी ते डबे भरून करतात. फोडणीच्या पाण्यात चार मुठी येसर कालवून सोडले की पाणी दाट होते, आणि भाकरी कुस्करून पंगत उठते. गंगागिरी महाराजांच्या सरला बेटाच्या सप्ताहात गावोगावहून भाकऱ्या येतात आणि कढयांतून आमटी होते. हजारोंच्या तोंडी अन्न लागते ते या पाण्याला दाट करण्याच्या विद्येमुळे. युरोपात काउंट रमफर्ड या गृहस्थाने 1790 नंतर म्युनिकच्या गरिबांसाठी जव आणि वाटाण्याचे सूप असेच दाट करवले आणि त्यावर शास्त्रीय निबंध लिहिले. आमच्या बायकांनी निबंध लिहिले नाहीत.

मात्र पाणी दाट करायलाही मूठभर काहीतरी लागते. 1876 ते 1878 च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळला. व्हाइसरॉयने पाठवलेले सर रिचर्ड टेंपल यांनी 1877 साली दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी उतरवली: दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे सुमारे 450 ग्रॅम. त्यातून भाकऱ्या होतील चार-पाच. पण डाळ, तेल, मीठ कुठून आणायचे? मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामे सोडून निषेध केला, पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्ज-विनंत्या केल्या. त्याच वर्षी टेंपलसाहेब मुंबईचे गव्हर्नर झाले. सूपशास्त्र हे पाककलेचे मराठी पुस्तक छापून निघाले होते 1875 साली. आणि त्याच साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, त्याचे लोण नगर जिल्ह्यातही आले. एकाच वर्षाची ही दोन पाने मी वर्गात शेजारी शेजारी ठेवतो.

1972 चा दुष्काळ माझ्या जन्माआधीचा. आजी तेव्हा तिशीत होती आणि खडी फोडायला जात होती. कामावर सुकडी मिळे, रेशनवर लाल मिलो मिळे. मिलोची भाकरी थापताना कडेने फाटते, हे ती सांगायची. ते हसत सांगायची. एक गोष्ट मात्र तिने पुष्कळ वर्षे सांगितली नाही. एकदा हुलगे निवडता निवडता तिच्या तोंडून गेली. बैलांसाठी एक पोते हुलगा घरात ठेवलेला होता. बैल विकावे लागले. मग ते पोते घरातल्या माणसांनी खाल्ले. आठवड्यातून पाच दिवस शेंगोळे. वळ्या पोरांच्या आणि पुरुषमाणसांच्या ताटात, आणि तळाशी उरलेला कट आजीच्या आणि तिच्या जावेच्या वाटीत. "पोट भरायचं का?" मी विचारले. ती म्हणाली, "गरम असायचं."

पुढे मुळा धरणाचे पाणी कालव्याने तालुक्यात आले. ऊस आला, कांदा वाढला. माळरानावर चार पावसांत निघणारा हुलगा बांधापलीकडे गेला आणि आता तो किराणा दुकानात विकत आणावा लागतो. तरीही तो स्वस्त पडतो, म्हणून कृती सांगतो. शिक्षक मंडळींनी मुलांच्या आयांना कळवली तर बरे.

पाच माणसांना पाव किलो हुलग्याचे पीठ पुरते. हुलगे थोडे भाजून दळावेत म्हणजे उग्रपणा जातो. वळ्या तुटू नयेत म्हणून मूठभर गव्हाचे पीठ घालावे. आठ-दहा लसणीच्या पाकळ्या, जिरे, मिरच्या आणि मीठ वाटून अर्धे वाटण पिठात व अर्धे फोडणीत घालावे. पीठ अगदी घट्ट मळावे. इथेच नवखी माणसे चुकतात. फोडणीवर दीड लिटर पाणी ओतून खळखळ उकळी आली म्हणजेच शेंगोळे एकेक सोडावेत, आणि पहिली पाच मिनिटे पळी लावू नये. मग मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे. चमचाभर पीठ पाण्यात कालवून वरून सोडले की रस्सा मिळून येतो. एक शेंगोळा मोडून पाहावा. आत कोरडा गाभा दिसला तर अजून शिजू द्यावे. माणूस वाढले तर पाणी घालावे, पण उकळतेच.

आमच्या घरी यात एक भर पडली आहे. माझी आई कोणालाही वाढण्याआधी शेंगोळ्यांनी भरलेली एक वाटी काढून फडताळात झाकून ठेवी. ती आजीची वाटी. आजी गेली तरी वाटी निघते. आता ती आई स्वतःसाठी काढते.