अंगठ्याच्या ठशापासून न्यायसहायक विज्ञानापर्यंत

मानवाच्या इतिहासात गुन्हा जितका जुना, तितकाच गुन्हेगाराचा शोधही जुना आहे. जुन्या गावगाड्यात हे काम जागल्या आणि रामोशी करीत. रात्री चोरी झाली की पहाटे मातीतील पावलांचा माग काढीत ते शिवेपर्यंत जात. माग पुढच्या गावाच्या हद्दीत शिरला, की चोर हजर करण्याची किंवा नुकसान भरून देण्याची जबाबदारी त्या गावावर येई. माग काढणे ही मोठ्या कसबाची विद्या होती, यात शंका नाही. परंतु माग शिवेवर थांबला, की एका माणसाऐवजी सारे गाव जाब देण्यास उभे राही.

इंग्रजी अमलात या वृत्तीने अधिक कठोर रूप घेतले. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यात आले. मूल पाळण्यात असतानाच त्याच्यावर संशयाचा शिक्का बसे. हा कलंक कायद्याच्या पुस्तकातून निघण्यास १९५२ साल उजाडावे लागले. म्हणून ‘हे कोणी केले?’ या प्रश्नाचे उत्तर जात, जमात वा वस्ती यांच्यावर न थांबता नेमक्या एका माणसापर्यंत कसे न्यावे, हा केवळ पोलिसांचा प्रश्न नाही. तो प्रत्येक घराचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर माणसाच्या हातावरच लिहिलेले होते. आपल्याकडील वडीलधाऱ्या बायका बाळाच्या बोटांवर चक्रे किती आणि शंख किती, हे कौतुकाने मोजतात. १८५८ साली बंगालमधील विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर सहीबरोबर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. दोन माणसांचे ठसे सारखे नसतात, हे पुढे अनुभवाने व अभ्यासाने दिसून आले. पण एक मोठी अडचण उरली. कचेरीत हजारो लोकांचे ठसे जमा झाले, तर त्यांतून हवा तो कागद शोधावा कसा? नाव सांगून उपयोग नाही, कारण गुन्हेगार नाव बदलतो.

ही गाठ सोडविणाऱ्यांत काझी अझीझुल हक हे नाव अग्रभागी आहे. खुलना जिल्ह्यात १८७२ साली जन्मलेल्या या मुलाचे आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. गणितातील बुद्धीच्या बळावर तो कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजपर्यंत पोहोचला. बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांना गणितात हुशार असा तरुण हवा होता. कॉलेजच्या शिफारशीवरून अझीझुल हक पोलीस खात्यात आले. दुसरे सहकारी हेमचंद्र बोस. ठशांचे वर्गीकरण करण्याचे किचकट काम या दोघांनी पार पाडले.

त्यातील मूळ हिशेब आपल्या विद्यार्थ्यांनी वहीवर करून पाहावा. बोटे दहा. प्रत्येक बोटावर चक्र असेल किंवा नसेल, एवढ्या दोनच शक्यता धरल्या, तर दोनला दोनने गुणत दहा बोटांपर्यंत गेल्यावर १०२४ ही संख्या येते. ३२ आडवे आणि ३२ उभे असे १०२४ कप्पे केले, की कोणताही कागद कोणत्या कप्प्यात आहे हे बोटे पाहूनच समजते. मग त्या एका कप्प्यातील कागद तेवढे ताडून पाहायचे. ज्या गुणाकाराला आपली मुले कंटाळतात, त्याच गुणाकाराने जगातील पोलीस खात्यांची कार्यपद्धती बदलली. जून १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे केंद्र सुरू झाले आणि १९०१ साली लंडनच्या स्कॉटलंड यार्डने हीच पद्धत स्वीकारली. पद्धतीला नाव मात्र हेन्रीसाहेबांचे पडले. अझीझुल हक पुढे खानबहादूर झाले आणि १९३५ साली बिहारमधील मोतीहारी येथे वारले. त्यांच्या व बोस यांच्या कामगिरीची जगाने उघडपणे नोंद घेण्यास फार काळ जावा लागला.

या पद्धतीची कसोटी पाहणारा पहिला मोठा खटला जलपाईगुडीचा. १८९७ साली तेथील चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला आणि तिजोरी लुटली गेली. संशय चहूकडे गेला. मळ्यातील मजुरांवर गेला, जवळ मुक्काम ठोकून असलेल्या काबुली लोकांवर गेला, कपड्यांवर रक्ताचे डाग असलेल्या स्वयंपाक्यावरही गेला. मात्र कागदपत्रांच्या पेटीत एक बंगाली पंचांग होते आणि त्यावर अंगठ्याचा पुसट तपकिरी ठसा होता. तो कलकत्त्याच्या केंद्रातील एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. त्याला पूर्वी चोरीबद्दल शिक्षा झालेली होती. डाग रक्ताचा आहे, हे रसायन परीक्षकांनी सांगितले.

आता पुढचा भाग लक्ष देऊन वाचावा. १८९८ साली न्यायालयाने त्या माणसाला चोरीबद्दल शिक्षा दिली, पण खुनाच्या आरोपातून सोडले. त्याचा हात त्या पेटीला लागला होता, एवढे ठशाने सिद्ध होत होते. खून त्यानेच केला, हे ठसा सांगत नव्हता. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच ऐकावे, त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत, हा धडा या विद्येच्या बाल्यावस्थेतच मिळाला. काबुली, मजूर आणि स्वयंपाकी यांच्यावरील बालंट टळले, हेही विसरता कामा नये.

अर्थात साधन चांगले म्हणून त्याचा वापरही चांगलाच होईल, असे नाही. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या निरपराध माणसांचे ठसे घेण्यासाठीही याच विद्येचा उपयोग झाला. उलट १९८४ साली इंग्लंडमध्ये अलेक जेफ्रीज यांनी डीएनए तपासणीची रीत शोधली, तेव्हा खुनाच्या तपासातील तिचा पहिला उपयोग, ज्याने गुन्हा कबूल केला होता अशा एका निर्दोष तरुणाची सुटका करण्यासाठी झाला. शास्त्र तेच असते. ते कोणाच्या हाती आहे आणि त्याची नियत काय आहे, यावर बरेच अवलंबून असते.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात या शास्त्राच्या प्रयोगशाळा व शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. कलकत्त्यास १९५२ साली राज्य प्रयोगशाळा निघाली. मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठाने १९५९ साली या विषयाचे शिक्षण सुरू केले. महाराष्ट्राची मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिना येथे असून विभागीय प्रयोगशाळांपैकी एक आपल्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात आहे. त्याच शहरात २००९ साली शासनाची न्यायसहायक विज्ञान संस्था स्थापन झाली. अजिंठ्याचा घाट चढून सिल्लोडमार्गे आपण ज्या शहरात दवाखान्यासाठी व कोर्टकचेरीसाठी जातो, तेथेच हे शिक्षण मिळते, याची माहिती सोयगाव तालुक्यातील किती पालकांना आहे?

बारावी विज्ञान शाखा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला या विषयाची पदवी घेता येते. रक्त व विष यांची परीक्षा, हस्ताक्षर, बंदुकीच्या गोळ्या, ठसे, संगणक व मोबाईलमधील नोंदी यांच्या जोडीला कायद्याचाही अभ्यास असतो, कारण प्रयोगशाळेत लिहिलेला अहवाल शेवटी न्यायालयात उलटतपासणीला उतरावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद केली असून राज्यांना ती टप्प्याटप्प्याने अमलात आणावयाची आहे. म्हणजे या माणसांची गरज वाढणार आहे.

या शास्त्राचे मराठी नावच मोठे अर्थपूर्ण आहे. ते पोलीससहायक नाही, सरकारसहायक नाही, आरोपीसहायकही नाही. ते न्यायसहायक आहे. आपली माणसे पोलीस ठाण्याचे नाव काढले तरी दबकतात आणि ‘त्या भानगडीत आपण पडू नये’ असे मुलांना सांगतात. परंतु दूर राहिल्याने भानगड टळत नाही. संशय येतो तेव्हा तो घर विचारून येत नाही. अशा वेळी प्रयोगशाळेच्या टेबलाजवळ बसलेला माणूस प्रामाणिक आणि आपल्या विषयात पक्का असावा, ही सर्वांचीच गरज आहे. तो माणूस आपल्या शाळेतून का जाऊ नये? आणि ती आपली मुलगी का असू नये?

विद्यार्थी मित्रांनो, त्यासाठी आठवीपासूनच गणित आणि विज्ञान मनापासून करा. प्रयोगवहीत जे दिसले तेच लिहा. शेजाऱ्याचे उत्तर जुळते म्हणून आपला आकडा बदलू नका. या विद्येचा पहिला पाठ तोच आहे, आणि तो शिकण्यासाठी शहरात जाण्याची वाट पाहावी लागत नाही.