संगीताची वर्गणी

1860 सालच्या संस्था नोंदणी कायद्यात ललित कलांचा स्पष्ट उल्लेख आहे. साहित्य, विज्ञान किंवा ललित कला यांच्या वाढीसाठी सात किंवा त्याहून अधिक माणसं एकत्र आली, त्यांनी आपल्या हेतूंचं निवेदन लिहून त्यावर सह्या केल्या आणि ते निबंधकाकडे दाखल केलं, की संस्था उभी राहते. याच कायद्यातलं आणखी एक कलम महत्त्वाचं आहे. संस्था बंद पडली आणि देणी भागवून काही उरलं, तर ते सभासदांनी वाटून घ्यायचं नाही. तशाच दुसऱ्या संस्थेला द्यायचं. कलेसाठी जमलेला पैसा कुणाच्याही घरी जाता कामा नये, ही अट अशी कायद्यात आली. गावोगावच्या गायनवर्गांपासून मोठ्या कलासंस्थांपर्यंत अनेकांचा पाया हाच आहे.

त्याआधी कलेला पैसा मिळत नव्हता असं मुळीच नाही. तो दरबारातून येई, देवस्थानातून येई, एखाद्या सावकाराच्या बैठकीतून येई. मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांनी 1853 साली कलाशाळेसाठी 1 लाख रुपये देऊ केले आणि 1857 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. जमशेटजींची संपत्ती चीनबरोबरच्या कापूस आणि अफूच्या व्यापारातून आलेली होती, हे सांगितल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही. रक्कम अफाट होती, पण देणारा एक होता आणि पुढे शाळेचा कारभार सरकारकडे गेला. चित्रकलेला असा धनिक आणि असं सरकार मिळालं. गाण्याला मिळालं नाही, आणि म्हणूनच गाण्याची गोष्ट अधिक मोलाची आहे.

गाण्यासाठी माणसं आधी मंडळ्या करून जमली. 1870 मध्ये मुंबईत कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने पारशी गायन उत्तेजक मंडळी निघाली. 1874 मध्ये पुण्यात गायन समाज निघाला. बळवंत त्र्यंबक सहस्रबुद्धे हे त्याचे धडपडे चिटणीस. 1883 मध्ये कोल्हापुरात देवल क्लबची मुहूर्तमेढ रोवली गेली. घरंदाज कुटुंबात गाणं शिकणं कमीपणाचं मानलं जाई, त्या काळात वकील, शिक्षक, कारकून वर्गणी काढून उस्तादांना बोलावत होते, ऐकत होते, जमेल तसं शिकत होते. गायन उत्तेजक मंडळीच्या सभासदांत 1884 साली एक तरुण विद्यार्थी दाखल झाला. त्याचं नाव विष्णू नारायण भातखंडे. थोर गवयांचं गाणं त्याला तिथे जवळून ऐकायला मिळालं, बंदिशी मिळाल्या. पुढे त्यांनी रागसंगीताची जी शास्त्रीय मांडणी केली, तिचं पहिलं भांडवल या सभासदत्वातून आलं. चार लोकांच्या वर्गणीचं याहून मोठं फळ शोधून सापडणार नाही.

तरीही या मंडळ्या मुख्यतः रसिकांच्या होत्या. गाण्यावर पोट भरणारी माणसं तयार करणारी, त्यांना जेवू घालणारी आणि लोकांच्या पैशावर चालणारी शाळा काढली विष्णू दिगंबर पलुसकरांनी.

पलुसकरांचा जन्म 1872 मधला, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, नेहमीचं शिक्षण सुटलं आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याची तालीम सुरू झाली. मिरज संस्थानचा आश्रय होता, गुरू त्या काळातले थोर होते. पण एका समारंभाचं आमंत्रण शिष्याला आलं आणि गुरूला आलं नाही. कारण विचारलं तर ते काय, गवईच, असं उत्तर मिळालं, अशी आठवण सांगितली जाते. 1896 मध्ये पलुसकरांनी मिरज सोडली. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब अशी त्यांची भ्रमंती झाली. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. तिकीट काढून गाणं ऐकायची सवय मराठी माणसाला संगीत नाटकाने आधीच लावली होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ 1880 मध्येच पुण्यात रंगमंचावर आलं होतं. पण नाटकाशिवाय नुसतं रागदारी गाणं, आणि तेही पैसे मोजणाऱ्या कुणाहीसाठी, हे धाडस होतं. राजाने दिलेल्या बिदागीत मर्जी असते. तिकिटात ती नसते. समोर बसलेल्या माणसाचा तो हक्क असतो आणि गाणाऱ्याची ती कमाई असते.

5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झालं. मराठी माणसाने, ग्वाल्हेरची गायकी घेऊन, पंजाबात, कोणत्याही संस्थानिकाच्या नावाशिवाय काढलेली शाळा. पैसा तीन वाटांनी यायचा: जाहीर मैफली, देणग्या आणि फी. यातली मैफल सर्वांत भरवशाची, कारण ती पलुसकरबुवांच्या स्वतःच्या गळ्यावर अवलंबून होती. गावोगाव गाऊन आणलेला पैसा ते शाळेत ओतत. बाहेरून येऊन तास-दोन तास शिकणारे विद्यार्थी फी देत. पण बुवांचा खरा जीव उपदेशक वर्गात होता. गरीब घरांतल्या होतकरू मुलांना लेखी करार करून वर्षानुवर्षे ठेवून घ्यायचं, जेवण-राहणं संस्थेचं, आणि त्यांना गायकाबरोबरच शिक्षक म्हणून घडवायचं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही नावं याच परंपरेतली. शिष्यवृत्ती हा शब्द आपण आज ज्या अर्थाने वापरतो, ती हीच.

या शाळेमुळे शिकवणंही बदललं, आणि इथे जरा थांबायला हवं. गुरूच्या घरी एक-दोन शिष्य असतात. त्यांना काय, कधी, किती द्यायचं हे गुरूच्या मनावर असतं. शाळेत एका वर्गात अनेक मुलं बसतात, त्यांच्या घरचे लोक प्रगती विचारतात, देणगीदार हिशेब विचारतो. मग अभ्यासक्रम लागतो, वह्या लागतात, क्रमिक पुस्तकं लागतात. बुवांनी स्वरलिपी तयार केली, स्वतःचा छापखाना चालवून पुस्तकं काढली, स्त्रियांसाठी वर्ग चालवले. पुस्तकातून गाणं येत नाही, ही टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. ती अर्ध्या अंशी खरी आहे. पण ज्या घरात कधी तंबोरा लागला नव्हता, तिथल्या मुलीला यमनची बंदिश वहीत उतरवून घेता आली, हे त्या स्वरलिपीमुळे. घराण्याबाहेरच्या माणसाला दार उघडायचं तर एवढी किंमत मोजावीच लागते, आणि बुवांनी ती जाणून मोजली.

1908 मध्ये कामाचा मुख्य पसारा मुंबईत आला. इथे बुवांनी संस्थेची स्वतःची मोठी इमारत उभी केली, ती कर्ज काढून. मैफलींचा पैसा हप्त्यांत जाऊ लागला. 1920 नंतर त्यांचं मन रामभक्तीकडे वळलं, दौरे कमी झाले, आणि घेणेकऱ्यांनी अखेर इमारतीचा लिलाव करवला. बुवा नाशिकला गेले. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं.

इमारत गेली, पण माणसं तयार झाली होती. त्याच वर्षी अहमदाबादला शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. देवधरांनी मुंबईत 1925 मध्येच स्वतःची शाळा काढली होती. विनायकरावांनी 1932 मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. 1939 मध्ये दिल्लीत विनयचंद्र मौद्गल्य यांनी काढलं. 1950 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचं महाविद्यालय निघालं तेव्हा प्राचार्यपदी ओंकारनाथ होते. मंडळाने परीक्षांची शिडी बांधली: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. महाराष्ट्रातल्या लहानशा गावातही विशारद झालेल्या बाई दोन खोल्यांत वर्ग चालवताना दिसतात, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा जवळच्या केंद्रावर होतात, परीक्षकांना मानधन मिळतं. हा सगळा व्यवहार मुख्यतः परीक्षा-शुल्कावर चालतो. एका धनिकाच्या लाखापेक्षा हजारो घरांतून येणारं शुल्क अधिक टिकाऊ ठरलं.

पुण्यात भास्करबुवा बखले यांनी 1911 मध्ये काढलेल्या भारत गायन समाजाची वाट थोडी निराळी. सुरुवातीला त्याच्या नावात ‘किर्लोस्कर’ होतं. नाटक मंडळीचं ऋण उघडपणे मिरवणारं नाव. 1922 मध्ये भास्करबुवा गेले आणि पुढे मास्टर कृष्णरावांनी समाजाची धुरा वाहिली. सवाई गंधर्वांच्या निधनानंतर 1953 मध्ये त्यांचे शिष्य भीमसेन जोशींनी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने पुण्यात महोत्सव सुरू केला. जमिनीवर बसून ऐकणाऱ्या तिकीटधारकांनीच तो मोठा केला.

मोठ्या न्यासांचा पैसा त्यानंतर आला. टाटा न्यासांच्या पाठबळावर, जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने, मुंबईत 1969 मध्ये नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स (एनसीपीए) सुरू झालं. नरिमन पॉइंटचं टाटा थिएटर 1980 मधलं. बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सची नोंदणी 1993 मध्ये झाली आणि 1995 पासून ते कलावंतांना, अभ्यासकांना अनुदानं देऊ लागलं. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितलं, आणि त्या कामांच्या यादीत कला व संस्कृतीलाही जागा दिली.

आता खरा प्रश्न हा पैसा कुठे जातो याचा आहे. महोत्सवाला प्रायोजक मिळतो, कारण तिथे फलक लावता येतो. वर्गावरच्या शिक्षकाच्या महिन्याच्या पगारासाठी देणगीदार शोधत फिरावं लागतं. तबलजीचं मानधन, पेटीची दुरुस्ती, भाड्याची खोली यांच्यावर कुणाचं नाव कोरलं जात नाही. बंगळूरच्या त्याच फाउंडेशनने ‘कलि-कलिसु’ हा उपक्रम काढला तो म्हणून मोलाचा वाटतो. कन्नडमध्ये त्याचा अर्थ शिका आणि शिकवा. कर्नाटकातल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांना आपल्या परिसरातल्या कलांना धरून वर्गात काम करण्यासाठी त्यातून प्रशिक्षण आणि अनुदान मिळतं. उपदेशक वर्गातही खर्चाचा पहिला धनी शिकवणारा माणूसच होता. मराठी मुलखात सरकारी शाळांची संख्या मोठी आहे, विशारद झालेल्या शिक्षकांचीही कमी नाही. त्या दोघांना जोडणारं अनुदान इथल्या एखाद्या न्यासाने द्यायला काहीच हरकत नाही.