विधवा प्रथा (महाराष्ट्र)

पतीच्या निधनानंतर स्त्रीवर लादल्या जाणाऱ्या रूढींना विधवा प्रथा म्हणतात. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे आणि हळदीकुंकवासारख्या मंगलकार्यांपासून विधवेला दूर ठेवणे, ही तिची प्रमुख रूपे होत.

इतिहास

पूर्वी काही उच्चवर्णीय जातींत विधवांचे केशवपनही केले जात असे. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता दिली, तरी रूढी टिकून राहिल्या. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला व १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम स्थापन केला. पुढे केशवपन नामशेष झाले. सौभाग्यचिन्हे उतरविण्याची रीत मात्र अनेक ठिकाणी चालू राहिली.

हेरवाडचा ठराव

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य शासनाने १७ मे २०२२ च्या परिपत्रकाद्वारे इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. ठराव म्हणजे कायदा नव्हे. हे विधी बहुधा अंत्यसंस्काराच्या वेळीच, नात्यातील स्त्रियांच्या हातून होत असल्याने ठरावाचे यश कुटुंबाच्या तयारीवर अवलंबून राहते.