शिंगाचं शिखर

गिर्यारोहकांच्या गप्पांत ‘मॅटरहॉर्न’ हटकून येतो. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरचं हे ४४७८ मीटर उंचीचं शिखर. जर्मन ‘माट्टे’ म्हणजे कुरण, ‘हॉर्न’ म्हणजे शिंग. पायथ्याच्या झेरमॅट गावाच्या नावातही तेच कुरण. इटालियन लोक मात्र याला ‘चेर्विनो’ म्हणतात. ते मुळात लॅटिन ‘सिल्वा’वरून, म्हणजे रानावरून, आलं असावं, ‘सेर्वुस’शी, म्हणजे हरणाशी, सोयरीक मागाहून जुळली असं मानतात. पण जुळली ती घरातच! हॉर्न, सेर्वुस आणि आपलं शृंग ही एकाच मुळाची भावंडं. संस्कृतात शृंग म्हणजे शिंगही आणि शिखरही. मराठीनं त्यातलं शिंग तेवढं रोजच्या वापरात ठेवलं. हिमनद्यांनी चहूबाजूंनी कोरलेल्या टोकदार शिखराला भूगोलात ‘हॉर्न’ म्हणतात; मराठी पुस्तकांत ‘गिरिशृंग’.