नंबर तारेचा की यंत्राचा?

संगणक एका तारेने जोडले, की पहिला प्रश्न उभा राहतो तो ओळखीचा. तारेवरून निघालेला मजकूर ऐकू सर्वांना येणार. पण उचलायचा कोणी?

१९७३ साली कॅलिफोर्नियात, पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात (आपण ज्या कंपनीच्या नावाने नकलेलाच झेरॉक्स म्हणू लागलो, तीच ही) रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी ईथरनेटची उभारणी सुरू केली. त्यात यंत्राचा क्रमांक अवघ्या ८ बिटांचा. म्हणजे फार तर २५६ क्रमांक, आणि तेही त्या एका तारेपुरते. यंत्र उचलून दुसऱ्या तारेवर नेलं, की तिथं त्याच नंबरचा दुसरा कोणी आधीच ठाण मांडून बसलेला असायचा!

१९८० साली डिजिटल, इंटेल व झेरॉक्स यांनी मिळून नवे नियम ठरविले. क्रमांक ४८ बिटांचा झाला. म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी क्रमांक. ही उधळपट्टी कशासाठी, याची मीमांसा १९८१ साली योगेन दलाल व रॉबर्ट प्रिंटिस यांनी केली. यातले दलाल हे आपल्या पवईच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी, बरं का! त्यांचं म्हणणं असं, की क्रमांक यंत्राला एकदाच द्यावा. यंत्र कुठंही गेलं तरी तो त्याच्याबरोबर जावा. क्रमांकाचा पहिला अर्धा भाग कारखानदाराला नेमून दिलेला, उरलेला कारखानदाराने प्रत्येक कार्डाला वेगळा द्यायचा. हे वाटपाचं काम आधी झेरॉक्सकडे होतं, पुढे आय-ट्रिपल-ई या संस्थेकडे गेलं.

लिनक्सवर हा क्रमांक पाहणं अवघड नाही. ‘आयपी लिंक’ ही आज्ञा दिली, की एकेका जोडणीचं नाव येतं; चालू असेल तिच्यापुढे ‘अप’ लिहिलेलं असतं, आणि खालच्या ओळीत ‘लिंक/ईथर’ या शब्दांपुढे बारा चिन्हांचा क्रमांक. दोनतीन जोडण्या चालू दिसल्या तर ‘आयपी रूट’ विचारावं. ‘डिफॉल्ट’च्या ओळीत जिचं नाव असेल, ती बाहेरची वाट.

मात्र दिसतो तो क्रमांक जन्माचाच असेल असे नाही. कायमचा नंबर म्हणजे कायमचा मागही. खिशातला फोन बिनतारी जाळं शोधताना हाच क्रमांक पुकारत हिंडे. म्हणून ॲपलने २०१४ साली अशा शोधापुरते खोटे नंबर वापरायला आरंभ केला, आणि इतरांनीही तीच वाट धरली. क्रमांकातलं दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तो बहुधा कारखान्यातला नव्हे. मूळचा हवा असेल तर ‘ईथटूल’ला मोठ्या ‘पी’ची खूण देऊन जोडणीचं नाव सांगावं लागतं.