वेरूळचा गिलावा

वेरूळचा गिलावा : वेरूळ (जि. छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचा औरंगाबाद) येथील लेण्यांच्या भिंतींवर व छतांवर दिलेला भांगमिश्रित लेप. दरवर्षी नव्याने उगवणाऱ्या वनस्पतीचा टिकाऊ बांधकामासाठी केलेला उपयोग म्हणून तो उल्लेखनीय आहे.

वेरूळची ३४ लेणी सु. सहाव्या ते अकराव्या शतकांच्या दरम्यान बेसाल्ट खडकात खोदण्यात आली. आज दिसणारा उघडा पाषाण हे त्यांचे मूळ रूप नव्हे. खोदलेल्या खडबडीत पृष्ठावर गिलावा देऊन त्यावर चित्रे रंगवीत. कैलास (क्र. १६) व इंद्रसभा (क्र. ३२) या लेण्यांत अशा चित्रांचे अवशेष आढळतात. कैलास लेणे एकेकाळी ‘रंगमहाल’ या नावानेही ओळखले जाई.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे रसायनज्ञ मॅनेजर राजदेव सिंग व डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी येथील गिलाव्याचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक व अवरक्त वर्णपटविज्ञान यांच्या साहाय्याने तपासले आणि ताज्या झाडांशी त्यांची तुलना केली. त्यांत भांग (कॅनाबिस सटायव्हा) असल्याचा निष्कर्ष त्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. देवगिरी किल्ल्याच्या गिलाव्यातही भांग आढळली आहे.

माती वाळताना आकसते व तिला तडे जातात. मिसळलेले धागे तिला आतून धरून ठेवतात. शिवाय भांगेचा धागा हवेतील ओलावा शोषून पुन्हा बाहेर सोडतो. भांगेमुळे वेरूळचा गिलावा किडींपासून बचावला, असे या संशोधकांचे मत आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात भाताची तुसे व इतर वनस्पतिजन्य द्रव्ये आहेत, पण भांग नाही. तेथे किडींमुळे चित्रांची मोठी हानी झाली. तथापि वेरूळचाही बराच गिलावा काळाच्या ओघात गळून पडला आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये चुना व भांगेच्या खोडाचा काष्ठमय गाभा यांचे मिश्रण भिंतींसाठी वापरात आले. वाढताना झाडाने शोषलेला कार्बन अशा भिंतीत साठून राहतो. केवळ मातीचा गिलावा तर भिजवून पुन्हा वापरता येतो. भारतात मात्र भांगेची ओळख मुख्यत्वे मादक पदार्थ म्हणूनच राहिली. १९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय अधिनियमाने धागा व बी यांसाठी तिच्या लागवडीस शासनाच्या परवानगीने वाव ठेवला आहे. वेरूळच्या जीर्णोद्धारात मूळ गिलाव्याशी जुळणारे द्रव्य वापरावयाचे झाल्यास हा धागा मिळणे अगत्याचे ठरते.